केंटकीचा प्रशिक्षक बदलला तेव्हा: मुख्य प्रशिक्षकाची निवड आणि खेळाडूभरती, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लेक्सिंग्टनमध्ये, म्हणजे केंटकी विद्यापीठाच्या गावात राहतो. मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक आणि नव्याने इथे आलेले मराठी विद्यार्थी मला कॉलेज बास्केटबॉलबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. प्रशिक्षक गेला तर एवढा गहजब का? मुलं संघ सोडून का जातात? नवा माणूस संघ आणतो कुठून? २०२४ मध्ये केंटकी विद्यापीठात हे सगळं डोळ्यांसमोर घडलं, म्हणून उत्तरं त्याच प्रसंगाच्या आधाराने देतो आहे.

केंटकीत बास्केटबॉलला एवढं महत्त्व का?

या राज्यात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. केंटकीच्या नावावर ८ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत: १९४८, १९४९, १९५१, १९५८, १९७८, १९९६, १९९८ आणि २०१२. रप अरेना हे घरचं मैदान वीस हजारांच्या आसपास माणसं घेतं आणि तरीही तिकिटांसाठी ओळखी काढाव्या लागतात. पूर्वेकडच्या कोळसाखाणींच्या डोंगराळ भागातली कुटुंबं चार-चार तास गाडी चालवून सामन्याला येतात. इथल्या मुख्य प्रशिक्षकाला राज्यपालापेक्षा जास्त लोक ओळखतात असं म्हणतात, आणि मला ते अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

जॉन कॅलिपारी का गेले? त्यांना काढलं का?

काढलं नाही, ते स्वतः गेले. पण हे एका दिवसात घडलेलं नाही.

कॅलिपारी २००९ मध्ये आले. एनबीएच्या नियमाप्रमाणे मुलाला शाळेतून थेट तिथे खेळता येत नाही, मध्ये एक वर्ष काढावं लागतं. देशातली सर्वांत हुशार मुलं त्या एका वर्षासाठी केंटकीत आणायची, असा त्यांचा मार्ग होता. २०१० मध्ये जॉन वॉल ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिला निवडला गेला, २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या संघाने विजेतेपद मिळवलं, आणि २०१५ चा संघ सलग ३८ सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. त्यानंतर केंटकी पुन्हा अंतिम चारांत गेलीच नाही. २०२०-२१ चा हंगाम ९ विजय आणि १६ पराभव असा संपला. २०२२ मध्ये सेंट पीटर्स या छोट्या कॉलेजने राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. २१ मार्च २०२४ ला ओकलंडने ८०-७६ असं हरवलं, तेही पहिल्याच फेरीत.

ओकलंडचा तो सामना मुद्दाम आठवावा असा आहे. त्यांच्या जॅक गोल्केने १० थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) टाकले आणि ३२ गुण केले. तो दुसऱ्या श्रेणीच्या हिल्सडेल कॉलेजातून बदली होऊन आलेला, वयाने मोठा आणि मुरलेला खेळाडू होता. समोर केंटकीची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं होती. त्यांतला रीड शेपर्ड पुढे ड्राफ्टमध्ये तिसरा आणि रॉब डिलिंगहॅम आठवा निवडला गेला. गुणवत्तेत केंटकी कितीतरी वरचढ होती आणि तरी हरली. अनुभवी बदली खेळाडू काय करू शकतो, हे राज्याला त्या रात्री कळलं.

लोक भडकले होते, पण करार मोडून कॅलिपारींना काढायचं तर विद्यापीठाला सुमारे ३.३ कोटी डॉलर मोजावे लागले असते. क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी तेच प्रशिक्षक राहतील असं जाहीरही केलं. तेवढ्यात आर्कान्सॉ विद्यापीठाचे प्रशिक्षक एरिक मसलमन साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि ती जागा रिकामी झाली. कॅलिपारींनी ती घेतली. केंटकीचे पैसे वाचले आणि त्यांनाही मानाने बाहेर पडता आलं. मला विचाराल तर दोघांच्याही हिताचंच झालं, फक्त वेळ वाईट होती.

वेळ वाईट म्हणजे काय?

कॅलिपारींनी निरोपाचा व्हिडिओ टाकला तो दिवस होता ९ एप्रिल २०२४. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आम्ही श्रीखंडाची वाटी हातात घेऊन फोनवर त्यांचा निरोप ऐकत होतो आणि घरात कोणी बोलत नव्हतं.

कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, १८ मार्चलाच उघडलं होतं आणि १ मेपर्यंत उघडं राहणार होतं. म्हणजे देशभरातले प्रशिक्षक तीन आठवड्यांपासून खेळाडूंशी बोलत होते, आणि केंटकीकडे बोलायला प्रशिक्षकच नव्हता. या दिवसांत एकेक आठवडा पेरणीच्या दिवसांसारखा असतो. वाफसा गेला की गेला.

ट्रान्सफर पोर्टल म्हणजे नेमकं काय?

खेळाडूंच्या नावांची एक यादी. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने ती ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केली. मुलाने आपल्या कॉलेजला कळवलं की कॉलेजला त्याचं नाव त्या यादीत टाकावं लागतं, आणि मग कोणत्याही कॉलेजचे प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी ती अट गेली. २०२४ पासून अभ्यासातली पात्रता टिकवली तर कितीही वेळा बदली करा, लगेच खेळता येतं. शिवाय प्रशिक्षक गेला की त्याच्या खेळाडूंना नाव नोंदवायला वेगळी मुदत मिळते.

आणि एनआयएल?

स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून पैसे कमावण्याचा खेळाडूचा हक्क. तो १ जुलै २०२१ पासून आला. कागदावर ही जाहिरातींची कमाई, पण प्रत्यक्षात माजी विद्यार्थी आणि धनिक चाहते एकत्र येऊन निधी उभारतात आणि तोच खेळाडूला आणण्याचं साधन होतो. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली, तेव्हापासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून त्याची मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरली. मुलांना पैसे मिळतात हे मला योग्यच वाटतं. त्यांच्या घामावर इतरांनी दशकानुदशकं पोटं भरली.

प्रशिक्षक गेल्यावर खेळाडू का जातात? कॉलेज तर तेच असतं ना?

कॉलेज तेच असतं, पण मुलाने होकार माणसाला दिलेला असतो.

भरती कशी होते ते पाहा. प्रशिक्षक किंवा त्याचा सहायक मुलगा पंधरा वर्षांचा असल्यापासून त्याच्या मागे असतो. उन्हाळी स्पर्धांत बाकावर बसून त्याचा खेळ बघतो. शाळेच्या प्रशिक्षकाला फोन करतो. घरी जातो, आईच्या हातचं जेवतो, आजीची विचारपूस करतो. थोडक्यात, सोयरीक जुळवण्यासारखंच असतं हे. दोन-तीन वर्षं उंबरे झिजवल्यावर मुलगा हो म्हणतो. मग एका सकाळी तोच माणूस दुसऱ्या राज्यात निघून जातो. मुलाला नवा प्रशिक्षक ओळखत नाही, त्याची खेळण्याची पद्धत वेगळी असते, आणि मैदानावर किती मिनिटं मिळतील याची खात्री उरत नाही. अशा वेळी मुलाने दुसरीकडे पाहिलं तर त्याला बेइमान म्हणणं मला पटत नाही.

केंटकीतून अडू थिएरो, डी. जे. वॅग्नर आणि झ्वोनिमिर इविसिच कॅलिपारींच्या मागोमाग आर्कान्सॉला गेले. एरन ब्रॅडशॉ ओहायो स्टेटला, उगोना ओन्येन्सो कॅन्सस स्टेटला गेला. काही एनबीएच्या वाटेला लागले, काहींची कॉलेजात खेळायची वर्षं संपली. पुढच्या वर्षी येणार असलेली बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स आणि बिली रिचमंड ही मुलंही आर्कान्सॉला वळली. आदल्या हंगामात खेळलेला स्कॉलरशिपवरचा एकही खेळाडू केंटकीत उरला नाही. शून्य.

गंमत म्हणजे तिकडे आर्कान्सॉतही संघ नव्हता. कॅलिपारींनी पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितलं की संघाला भेटायला गेलो, तर संघच नाही. मसलमनही अशीच रिकामी घागर ठेवून गेले होते.

नवा प्रशिक्षक निवडताना काय घडलं?

पहिली नावं मोठी होती. कनेक्टिकटचे डॅन हर्ली नुकतेच सलग दुसरं विजेतेपद जिंकले होते, त्यांनी आपण तिथेच राहणार असं सांगितलं. बेलरचे स्कॉट ड्रू यांनी ११ एप्रिलला नकार दिला. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, मार्क पोप यांचं नाव जाहीर झालं.

पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पोप यूटा व्हॅली आणि मग ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे प्रशिक्षक होते, आणि एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. नुकतेच ते पहिल्याच फेरीत डुकेनकडून हरले होते. दुकानात, ऑफिसात, सगळीकडे एकच सूर होता: एवढ्या मोठ्या घराला एवढाच माणूस मिळाला?

आणि दोन दिवसांत वारं फिरलं. १४ एप्रिलला रप अरेनात त्यांचं स्वागत झालं. सामना नाही, तिकीट नाही, तरी मैदान भरलं. १९९६ च्या विजेत्या संघातले त्यांचे जुने सोबती आले. पोप त्या संघाचे कर्णधारांपैकी एक होते. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते प्रशिक्षणाकडे वळलेले, आणि या गावाला बास्केटबॉल म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मी वरच्या रांगेत होतो. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अजून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पोप स्वतः बदली होऊन आलेले खेळाडू होते. वॉशिंग्टन विद्यापीठात दोन वर्षं खेळून ते केंटकीत आले, आणि जुन्या नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसले. दुसऱ्या गावातून येऊन इथला होणं म्हणजे काय, हे ते बदली खेळाडूला स्वतःच्या आयुष्यातून सांगू शकत होते.

माजी खेळाडूला प्रशिक्षक करणं शहाणपणाचं असतं का?

फक्त माजी खेळाडू आहे म्हणून करू नये. शेजारचंच उदाहरण घ्या. लुइव्हिलने केनी पेन यांना आणलं. ते तिथल्या १९८६ च्या विजेत्या संघातले, पण दोन हंगामांत १२ विजय आणि ५२ पराभव. जॉर्जटाउनने पॅट्रिक युइंग यांना आणलं. त्या कॉलेजाचा त्यांच्याएवढा मोठा खेळाडू झाला नाही, आणि शेवटच्या दोन हंगामांत बिग ईस्ट या आपल्या लीगमध्ये ते ३९ पैकी २ सामने जिंकले. पेन यांच्यानंतर लुइव्हिलने कॉलेजशी काही नातं नसलेले पॅट केल्सी चार्ल्सटनहून आणले आणि पहिल्याच हंगामात संघ २७-८ वर गेला.

फरक कुठे पडतो? पोप मुख्य प्रशिक्षक म्हणून नऊ वर्षं घासून आले होते. लहान कॉलेजात, कमी पैशांत संघ बांधायची सवय त्यांना होती. पेन आणि युइंग प्रशिक्षक म्हणून तोवर सहायकच होते आणि पहिल्यांदाच मुख्य खुर्चीत बसत होते. घरचा माणूस असणं हे जमेला धरावं, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

शून्यातून संघ कसा उभा राहिला?

हा माझा आवडता प्रश्न आहे.

पोपनी सगळ्यात आधी सहायक गोळा केले, कारण फोन तेच करतात. बेलरहून अल्विन ब्रूक्स आले. ड्रू आले नाहीत, पण त्यांचा उजवा हात आला. ब्रिगहॅम यंगहून आक्रमणाची आखणी करणारे कोडी फ्यूगर आले. मग पोर्टलमधून खेळाडू निवडताना त्यांनी प्रसिद्धीपेक्षा दोन गोष्टी पाहिल्या: वय आणि नेमबाजी.

ड्रेक्सेलहून नॉटिंगहॅमचा अमारी विल्यम्स आला. आपल्या लीगमध्ये तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला हा उंच मुलगा पासही सुंदर द्यायचा. सॅन डिएगो स्टेटहून लामॉन्ट बटलर आला, ज्याने २०२३ च्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी बास्केट करून संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. डेटनहून कोबी ब्रे, ज्याचा हात थ्री-पॉइंटरवर जवळजवळ चुकत नसे. वेक फॉरेस्टहून अँड्र्यू कार, ओक्लाहोमाहून ओटेगा ओवे, ओक्लाहोमा स्टेटहून ब्रँडन गॅरिसन, वेस्ट व्हर्जिनियाहून एस्टोनियाचा केर क्रिसा. जॅक्सन रॉबिन्सन ब्रिगहॅम यंगहून आपल्या जुन्या प्रशिक्षकाकडे आला. कॉलिन चँडलरही तिथलाच, पण तो दोन वर्षं धर्मसेवेवर होता आणि खेळापासून लांब.

म्हणजे जे कॅलिपारींनी केंटकीला केलं, तेच केंटकीने ब्रिगहॅम यंगला केलं. ही साखळी अशीच चालते. तिथे मग फिनिक्स सन्सचे सहायक केव्हिन यंग आले.

राज्यातली मुलं आली की नाही?

आली, आणि लोकांचा जीव त्यांच्यातच जास्त गुंतला. ट्रॅव्हिस पेरी हा केंटकीच्या शालेय इतिहासात सर्वाधिक गुण करणारा मुलगा. त्याची निवड कॅलिपारींनी केली होती, पण ते गेल्यावरही तो राहिला. हार्लन काउंटीचा ट्रेंट नोआ साउथ कॅरोलायनाला जाणार होता, तो परत वळला. डोंगरातल्या गावाचा मुलगा निळी जर्सी घालून उतरला की काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

पण पेरी एक वर्ष खेळून मिसिसिपी विद्यापीठात गेला. मिनिटं कमी मिळत होती. वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या हंगामाचं काय झालं?

२४ विजय, १२ पराभव. १२ नोव्हेंबर २०२४ ला ड्यूकला ७७-७२ असं हरवलं. लुइव्हिलविरुद्ध बटलरने १० पैकी १० फटके बास्केटमध्ये घातले आणि ३३ गुण केले. जानेवारीत फ्लोरिडाला १०६-१०० असं हरवलं, आणि तोच फ्लोरिडा पुढे राष्ट्रीय विजेता झाला. नंतर दुखापतींनी घात केला. रॉबिन्सनच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली, बटलरचा खांदा सारखा निखळत होता. तरी संघ शेवटच्या सोळांत पोचला आणि तिथे टेनेसीकडून ७८-६५ असा हरला. वर्षभर आधी ज्यांची एकमेकांशी ओळख नव्हती अशा मुलांकडून मला एवढी अपेक्षा नव्हती.

कॅलिपारी १ फेब्रुवारी २०२५ ला रप अरेनात परतले तेव्हा त्यांची हुर्यो उडवली गेली. मी ओरडलो नाही. १५ वर्षं आणि एक विजेतेपद देणाऱ्या माणसाला तसं वागवणं मला जमत नाही. आर्कान्सॉ ८९-७९ जिंकले.

मग भरतीचा प्रश्न सुटला का?

नाही. तो दर एप्रिलला नव्याने उभा राहतो. पहिल्या वर्षीचे बटलर, ब्रे, कार, विल्यम्स, रॉबिन्सन सगळे शेवटच्या वर्षाचे होते. अनुभवी खेळाडू आणले की लगेच जिंकता येतं, पण वर्षभरात ते संपतात आणि पुन्हा रिकामं घर. त्यामुळे प्रशिक्षकाला दोन भरत्या एकदम कराव्या लागतात: आजचा संघ पोर्टलमधून आणि उद्याचा शाळांमधून. शाळेतल्या मुलाला मात्र दिसत असतं की आपण येऊ तेव्हा आपल्या जागेवर चोवीस वर्षांचा बदली खेळाडू आणून बसवतील.

कधी गेलेला परतही येतो. जेडन क्वेंटन्स कॅलिपारींच्या काळात केंटकीला हो म्हणाला होता, प्रशिक्षक गेल्यावर ॲरिझोना स्टेटला गेला, आणि २०२५ मध्ये बदली होऊन केंटकीतच आला.

लोकांचा धीर मात्र फार पातळ असतो. दुसऱ्या हंगामात ५ डिसेंबर २०२५ ला नॅशव्हिलमध्ये गोन्झागाने ९४-५९ असं धुतलं, तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली. दीड वर्षापूर्वी रप अरेना भरवणारे लोकच ते. हे मला खुपतं.

भारतातून येऊन खेळणाऱ्या मुलाला एनआयएलचे पैसे मिळतात का?

इथे जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलांना कोणतीच अडचण नाही. पण विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी मोठी अडचण आहे, कारण त्या व्हिसावर अमेरिकेत राहून असं काम करून पैसे घेता येत नाहीत. केंटकीचाच काँगोहून आलेला ऑस्कर शिब्वे २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाला गेला तेव्हा तिथे, म्हणजे अमेरिकेबाहेर, जाहिरातींचं काम करून आला. तुमच्या ओळखीत कोणी नागपाड्याच्या किंवा नागपूरच्या मैदानांवर घडलेला मुलगा इकडे येत असेल, तर करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात त्याला नक्की पाठवा. प्रशिक्षक चांगला असला तरी त्याला व्हिसाचे नियम ठाऊक असतीलच असं नाही.

मुलाने कॉलेज निवडताना प्रशिक्षकाला काय विचारावं?

तुमचा करार किती वर्षांचा आहे, हे विचारायला लाजू नये. गेल्या दोन वर्षांत किती मुलं संघ सोडून गेली तेही विचारावं, आणि जमलं तर त्यांतल्या एकाला फोन करावा. शेवटी मुलाने स्वतःला विचारावं: हा माणूस उद्या गेला तरी मी या गावात, या वर्गात राहीन का?

पोप टिकतील का?

त्यांचा पहिला करार पाच वर्षांचा, २.७५ कोटी डॉलरचा होता. मला ते टिकावेत असं वाटतं. तीन भरत्या होईपर्यंत तरी थांबावं, हे मी सामन्यानंतर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला सांगतो, आणि गोन्झागाच्या त्या रात्रीनंतर घरी परततानाही तेच सांगत होतो.